बॉनेटच्या आतल्या ओळी

इनायत मिस्त्रींना उजव्या कानाने काहीही ऐकू येत नाही, हे मला त्यांच्या गॅरेजमधल्या तिसऱ्या भेटीत कळलं. आधीच्या दोन भेटींत मी त्यांच्या उजव्या बाजूला स्टुलावर बसून माझ्या मुलीबद्दलची सगळी काळजी नेमकी त्याच कानात ओतली होती. ते पाना फिरवत मान हलवत होते. मला वाटलं, किती शांतपणे ऐकून घेणारा माणूस आहे. तिसऱ्या वेळी मी पुन्हा तिथेच बसायला लागले तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, इकडून बसा. त्या बाजूचं दुकान तीस वर्षं झाली बंद हाये."

"मग मी एवढं बोलले ते?"

"ऐकलं नाही. पण काय बोलत होत्या ते कळलं. पोरीची गाडी बनत असली की आई एकच गोष्ट बोलते."

गॅरेज नाशिकला, वडाळा नाक्याच्या मागे, ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या शेडच्या रांगेत शेवटी आहे. पाटी नाही. का नाही विचारलं तर म्हणतात, "पाटी लावली की अनोळखी लोक येतात." वय बासष्ट की चौसष्ट हे त्यांना स्वतःलाच नक्की सांगता येत नाही, कारण शाळेच्या दाखल्यावर त्या काळच्या निम्म्या महाराष्ट्रासारखी एक जून ही तारीख आहे. अंगाने काटक. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. ती बदलून घ्या म्हटलं तर "चालतंय तोवर उघडायचं नाही" असं उत्तर मिळतं, आणि हे सांगणाऱ्या माणसाच्या आजूबाजूला चार गाड्या पोट उघडून पडलेल्या असतात.

मूळचे ते मनमाडचे. वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर. मुलानेही तिथेच चिकटावं अशी त्यांची इच्छा होती. मुलगा उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकला आणि एके दिवशी कांद्याच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून नाशिकला आला. तिथल्या द्वारका चौकाजवळ रंगनाथ मिस्त्री म्हणून होते, त्यांच्याकडे ट्रकचं काम शिकायला राहिला. रंगनाथ मिस्त्रींनी पहिलं वर्षभर त्याला फक्त नटबोल्ट धुवायला लावले. डिझेलच्या ट्रेमध्ये हात घालायचा, न बघता बोल्ट उचलायचा आणि त्याला कितीचा पाना लागेल ते सांगायचं. चुकलं की संध्याकाळचा चहा बंद.

"चहा कमीच मिळाला," इनायतभाई सांगतात. "पण आजही बघा." डोळे मिटून त्यांनी एक बोल्ट उचलला. "चौदा."

मी भूगोलाची शिक्षिका. तपासल्याशिवाय राहवत नाही. चौदाचा पाना घेऊन लावून बघितला. बरोबर बसला.

पुढे ट्रकना टर्बो यायला लागले. तो शिंपल्यासारखा नवा गोल भाग उघडायची कोणाची हिंमत होत नव्हती. रंगनाथ मिस्त्री म्हणाले, "इनायत, तू उघड. बिघडलं तर माझ्या नावावर." बिघडलं नाही. मग नामपूर, सटाणा, लासलगावचे कांद्याचे ट्रक टर्बोसाठी द्वारकेला 'मनमाडच्या पोराकडे' यायला लागले. त्याच काळात एकदा हवा भरताना ट्रकचा टायर शेजारी फुटला आणि उजवा कान गेला. हे सांगताना ते फारसे थांबत नाहीत. डाव्या कानाने त्यांना इंजिनातलं जे ऐकू येतं ते आपल्याला दोन्ही कानांनी येत नाही.

आता माझ्या मुलीबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याचमुळे मी तिथे जायला लागले.

गौतमी चोवीस वर्षांची आहे. मेकॅनिकल इंजिनिअर झाली, नाशिकच्याच अंबड वसाहतीत एका कारखान्यात नोकरी करते. गेल्या वर्षी पिंपळगावजवळच्या एका द्राक्षबागायतदाराच्या शेडमध्ये, रिकाम्या क्रेटांच्या ढिगामागे, तिला एक गाडी दिसली. वीस-बावीस वर्षांपूर्वी थोड्याच बनलेल्या, दोन दारांच्या, दोन सीटांच्या, कापडी टपाच्या गाड्यांपैकी एक. तिने ती आपल्या बचतीतून घेतली आणि टेम्पोवर घालून थेट इनायत मिस्त्रींकडे नेली. घरी आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं.

पहिल्यांदा गाडी बघायला मी आणि माझा नवरा दिनेश दोघं गेलो. इनायतभाईंनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "दिसायला स्पोर्ट्स कार. चालायला? पैलवानाचा लंगोट घातलेला कारकून."

दिनेश पाटबंधारे खात्यात कारकून आहे. तो इतका हसला की इनायतभाईंना कारण सांगावं लागलं. मग ते कान पकडून माफी मागायला लागले, आणि दिनेश म्हणाला, "नाही हो, अगदी बरोबर बोललात." त्या क्षणापासून दोघांची दोस्ती. इंजिन बदलायला परिवहन कार्यालयाची परवानगी लागते. त्या कागदांच्या मागे दिनेश चार महिने स्वतःहून धावला. मी घरात एकटी पडले.

गौतमीला त्या गाडीत टर्बोचं इंजिन बसवायचं होतं. मागून ठोकर बसलेल्या एका गाडीचं इंजिन तिने मिळवलंही होतं. फेब्रुवारीत एका क्लबची घाट चढण्याची स्पर्धा असते, एकेक गाडी घड्याळ लावून वर सोडतात, त्यात तिला उतरायचं होतं. नाशिकला हा नाद जुना आहे. पण दुसऱ्याच्या घरातला नाद आणि आपल्या घरातला नाद यांत फरक असतो. ती कामावरून यायला वीस मिनिटं उशीर झाला तर मी गॅलरीत उभी असते. फोनवर तिचा ठिपका कुठे आहे ते बघते. ठिपका पाथर्डी फाट्यावर थांबला की माझा श्वास थांबतो. तो सिग्नल असतो, हे मला माहीत असूनही.

टर्बो म्हणजे काय, हे मला इनायतभाईंनी समजावलं.

"तुमच्या लहानपणी घरात चूल होती?"

"आजोळी होती."

"साधं इंजिन म्हणजे चूल. जेवढी हवा आपोआप जाईल तेवढी पेटणार. टर्बो म्हणजे फुंकणी. आता सांगा, फुंकणी फुंकतो कोण?"

"कोण?"

"चुलीचाच धूर. जाता जाता पंखा फिरवतो आणि पंखा हवा आत ढकलतो. जितकी पेटेल तितकी फुंकर मोठी, जितकी फुंकर मोठी तितकी पेटणार."

"मग थांबतं कुठे?"

त्यांनी माझ्याकडे जरा आदराने बघितलं. "हा प्रश्न तुमच्या पोरीनेही पहिल्याच दिवशी विचारला होता." मग एक बारीक लोखंडी काडी दाखवली, एका टोकाला स्प्रिंगची डबी असलेली. हवेचा दाब ठरलेल्या आकड्याला पोचला की ही काडी एक झडप उघडते आणि जादा धूर बाजूने निघून जातो. म्हणजे या इंजिनाच्या ताकदीचा हुकूम त्या बोटभर काडीकडे होता. मी ती नीट बघून ठेवली.

पाच महिने काम चाललं. गौतमी शनिवार-रविवार तिथेच असायची. दोघांनी कामाची वाटणी केली होती. वायर तिच्या, लोखंड त्यांचं. नवं इंजिन जुन्या जागेत दोन बोटं मोठं पडत होतं. इनायतभाईंनी पुठ्ठ्याचं इंजिन कापून आधी ते बसवून बघितलं, तीन वेळा. "कपडा बेतल्याशिवाय कैची नाही चालवायची." पुढचे ब्रेक मोठे बसवल्याशिवाय इंजिनाला हात लावायचा नाही, हे त्यांचं पहिल्या दिवसाचं फर्मान होतं, आणि त्यावरून गौतमीचं त्यांच्याशी भांडण झालं.

"चाचा, ब्रेक शेवटी बसवू ना. आधी इंजिन सुरू तर होऊ दे."

"इंजिनियर, पतंग उडवतेस ना? मांजा आधी बांधतात की पतंग आधी सोडतात?"

दुपारी त्यांची बायको अनवरी डबा घेऊन यायची. जाडजूड, मोठ्याने बोलणारी, आणि आल्या आल्या पहिला टोमणा नवऱ्याला. "साऱ्या नाशिकच्या गाड्या पळवतो हा माणूस. घरची स्कूटर तीन महिने झाले उभी. मी रोज रिक्षाने येते." इनायतभाई अशा वेळी चटकन उजवा कान तिच्याकडे करतात. "बघा," अनवरी मला म्हणते, "सोय केलीय देवाने."

जानेवारीत एका शनिवारी इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. दिनेश आणि मी दोघं होतो. आधी खोकल्यासारखं झालं, मग लागलं. इनायतभाईंनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ डाव्या कानाला लावली आणि डोळे मिटले. गौतमीने हळूच गॅस दिला. बारीक शिट्टीसारखा आवाज चढत गेला. मोठा नव्हता. पण चढतच होता. पोरीच्या चेहऱ्यावर मी बारावीच्या निकालालाही पाहिला नव्हता इतका आनंद होता, आणि मला फक्त तो चढता आवाज ऐकू येत होता.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी एकटी गॅरेजला गेले. डाव्या बाजूला बसले.

"इनायतभाई, या इंजिनाची ताकद थोडी कमी ठेवता येईल का? तिला न सांगता."

ते हात धूत होते. रॉकेलने आधी, मग साबणाच्या पुडीने. बराच वेळ धुतले.

"येईल," म्हणाले. "त्या काडीचे चार आटे सैल केले की फुंकणी हळू फुंकणार. पाच मिनिटांचं काम. दाबाचा मीटर तिने अजून लावला नाही, तेव्हा लगेच कळायचंही नाही."

मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. "मग कराल?"

"करतो. पण त्याआधी एक सांगतो, ताई." मॅडमचं ताई पहिल्यांदा त्या दिवशी झालं.

त्यांच्या तरुणपणी, काही वर्षं मनमाडला परत जाऊन स्वतःचं लहानसं गॅरेज काढलं होतं तेव्हाची गोष्ट. नांदगावची भागीबाई नावाची एक बाई त्यांच्याकडे आली. तिचा मुलगा चंदर मनमाड-नांदगाव रस्त्यावर प्रवासी जीप चालवायचा. जोरात चालवायचा. भागीबाईने फडक्यात चार भाकरी आणि ठेचा आणला होता. तो पुढे ठेवून ती म्हणाली, "बाबा, पोराची जीप जरा मंद करून दे. त्याला कळू नगं देऊ." इनायतभाईंनी डिझेल पंपाचा एक स्क्रू फिरवून दिला. भाकरी खाल्ल्या.

"आठ दिवसांनी तो उसाच्या ट्रॅक्टरला ओलांडायला निघाला. रोज ओलांडायचा तशीच जागा बघून, तसाच हिशोब करून. हिशोब जुन्या जीपचा होता. समोरून एसटी आली. जीपने उचललं नाही."

"आणि तो?" मी विचारलं.

"जगला. पाय गेला, गुडघ्याखाली. जीपमध्ये दुसरं कोणी नव्हतं, अल्लाची मेहेरबानी. मी दवाखान्यात जाऊन त्याला सगळं सांगितलं. माझ्याशी तो भांडला नाही. हसला उलट. पण आईशी तीन वर्षं बोलला नाही. एका घरात राहून. भागीबाई मला म्हणायची, इनायत, पाय गेला त्याचं मी सोसलं असतं रे."

शेडमध्ये पलीकडे कोणीतरी पत्रा ठोकत होतं. इनायतभाई उठले आणि गौतमीच्या गाडीचं बॉनेट वर करून त्याला टेकू लावला.

"तेव्हापासून हे करतो. हे तुम्ही बघितलं नव्हतं."

बॉनेटच्या आतल्या काळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाने ओळी लिहिलेल्या होत्या. प्रत्येक ओळीचं अक्षर वेगळं. गाडीत जे काही केलं, ते तारखेसकट. आणि जे कच्चं राहिलं, तेही. मराठी लिहिताना इनायतभाईंचा हात अडखळतो, म्हणून त्या वेळी जो कोणी हजर असेल त्याच्याकडून ते लिहून घेतात. 'मागचा माउंट नवा बनवला, वेल्डिंग इनायत.' 'डावा एक्सल नव्या मापाचा, सहा महिन्यांनी तपासणे.' 'रेडिएटरचा पंखा कधी कधी उशिरा लागतो, तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवणे.' एक ओळ ओळखीच्या वळणदार अक्षरात होती: 'सदर वाहनास पुढील ब्रेक मोठे बसविण्यात आले आहेत.' दिनेशने मला हे कधी सांगितलं नव्हतं.

"गाडी कोणाच्याही हातात जाईल. दुसरा मिस्त्री उघडेल, दुसरा माणूस चालवेल. आत काय केलंय ते त्याला दिसलं पाहिजे." त्यांनी रंगाची डबी उघडली, बारीक ब्रश झटकला आणि माझ्यापुढे धरला. "काडी मी सैल करतो. तुम्ही लिहा. शिक्षिका आहात, अक्षर चांगलं असणार."

"काय लिहू?"

"जे केलं ते."

मी ब्रश खाली ठेवून घरी जाऊ शकले असते. मग दाब पूर्ण राहिला असता. रात्रंदिवस मला तो चढता आवाज ऐकू आला असता. आणि लिहिलं तर गौतमी शनिवारी बॉनेट उघडणार, हे ठरलेलं. इनायतभाईंनी घाई केली नाही. ते दहाचा पाना शोधत राहिले, जो त्यांच्या खिशातच होता.

मी लिहिलं: '१९ जानेवारी. टर्बोचा दाब कमी केला आहे. आईने सांगितलं म्हणून. ओव्हरटेक करताना लक्षात ठेवणे.'

त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावलं. "हे शेवटचं मी नव्हतं सांगितलं."

"ते माझं आहे."

त्यांनी मान हलवली आणि काडीचे चार आटे सैल केले.

शनिवारपर्यंतही थांबावं लागलं नाही. बुधवारी संध्याकाळी गौतमी कामावरून परस्पर गॅरेजला गेली. मी घरी सराव परीक्षेचे नकाशे तपासत होते, विद्यार्थ्यांनी गोदावरी अरबी समुद्राला नेऊन मिळवली होती. ती आली, हात धुतले, ताट वाढून घेतलं. अर्धं जेवण झाल्यावर म्हणाली, "तू माझ्याशी बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर ऐकलं असतंस?"

"नाही."

"मग?"

"मग भांडलो असतो. ते परवडलं असतं, आई."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारातून निघताना ती 'येते' म्हणाली नाही. 'जाते' म्हणाली. आमच्या घरात कोणी तसं म्हणत नाही. शुक्रवारी पुन्हा तेच. दिनेशने माझ्याकडे बघितलं आणि चहाचा कप उगाच विसळायला नेला. मला भागीबाईची तीन वर्षं आठवत होती. मी न पाहिलेलं ते घर, चार भिंतींच्या आत एकमेकांना ओलांडून जाणारी दोन माणसं.

शनिवारी इनायतभाईंचा फोन आला. "ताई, इंजिनियर माझ्याशी पण बोलत नाही. तीन दिवस झाले. उद्या सकाळी दोघी या."

रविवारी गेलो तेव्हा गाडी बाहेर काढून, पुसून ठेवली होती. इनायतभाईंनी किल्ली गौतमीच्या हातात दिली. "दाब तसाच कमी हाये. काडी पुढे फिरवायची की नाही ते तुम्ही दोघी ठरवा. आधी वणीपर्यंत जाऊन या."

"चाचा, तुम्ही चला ना," गौतमी म्हणाली. तीन दिवसांतलं तिचं त्यांच्याशी पहिलं वाक्य.

"तिसरी सीट कुठे हाये?"

चोवीस वर्षांत मी माझ्या मुलीच्या शेजारी, ती चालवत असताना, कधी बसले नव्हते. घरची गाडी दिनेश चालवतो. तिच्या स्कूटीवर मी कधी बसले नाही, मला भीती वाटते. म्हणजे ती कशी चालवते हे मला माहीतच नव्हतं. मला फक्त फोनवरचा ठिपका माहीत होता.

दिंडोरी रस्त्याला लागलो. द्राक्षांचा हंगाम सुरू झाला होता, क्रेट भरलेल्या पिकअप आणि ट्रॅक्टर यांची रांग. गाडी इतकी खाली होती की ट्रकची चाकं माझ्या खांद्याशी येत होती. मी दोन्ही पाय रोवून बसले होते.

"आई, तुझ्या बाजूला ब्रेक नाहीये."

"माहितीये."

"मग काय दाबतेयस मघापासून?"

मी पाय मागे घेतले. पाच मिनिटांनी ते पुन्हा पुढे गेले. ती गालातल्या गालात हसली, पण बोलली नाही. मी तिच्याकडे बघायला लागले. दर थोड्या वेळाने तिची नजर आरशात जायची, आधी मधला, मग उजवा. शेळ्या घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्यासाठी ती थांबली, हॉर्न न देता, शेवटची शेळी जाईपर्यंत. गावातून जाताना वेग इतका कमी केला की मागचा बुलेटवाला ओरडून गेला, "ए रेसिंगवाली, ढकलू का?" ती म्हणाली, "ढकल ना, पेट्रोल वाचेल." तो हसत पुढे गेला. तिचे हात मात्र स्टिअरिंगवर जिथे होते तिथेच.

दिंडोरीच्या पुढे एक पिकअप बराच वेळ आमच्यासमोर होती. रस्ता मोकळा दिसला. गौतमीने आरशात बघितलं, दिवा दिला, बाहेर निघाली. पिकअपच्या अर्ध्यापर्यंत गेलो असू, तेवढ्यात पुढच्या वळणावरून ट्रक आला. लांब होता. तरी मला वाटलं, आता ही दाबणार. मी डोळे मिटले नाहीत, का कोण जाणे. तिने एकदा ट्रककडे बघितलं, पाय सोडला, हळू ब्रेक लावला आणि पिकअपच्या मागे परत आली. ट्रक गेला. पिकअपमध्ये क्रेटांवर बसलेल्या बायकांनी आमच्याकडे बघून हात केला.

मी विचारलं, "का नाही गेलीस?"

"दाब पूर्ण असता तर गेले असते, आरामात. आत्ता पुरला नसता." मग म्हणाली, "तूच लिहिलंयस ना, लक्षात ठेवणे."

त्यात टोमणा नव्हता. आणि मला समोर दुसरंच दिसत होतं. बॉनेटच्या आत मी काहीच लिहिलेलं नाही, इनायतभाईंनी माझं ऐकून गुपचूप काडी सैल केली आहे, आणि माझी पोर पूर्ण ताकदीच्या भरवशावर त्या ट्रकच्या समोर निघाली आहे. मी दोन्ही हात पदरात घेतले.

वणीला भजी खाल्ली. कागदावरच्या तेलाकडे बघत ती म्हणाली, "स्पर्धेचं तू उगाच मनाला लावून घेतेस. तिथे रस्ता बंद असतो, समोरून कोणी येत नाही, हेल्मेट, अँब्युलन्स सगळं असतं. मला भीती वाटते ती याच रस्त्याची. अंबडला जायच्या रस्त्याची."

"तुला भीती वाटते?"

"रोज."

एवढी वर्षं मला वाटत होतं की घरातली सगळी भीती माझ्या एकटीच्या वाट्याला आली आहे. ती गौतमीकडेही होती, आणि गौतमी त्या भीतीचा उपयोग करत होती, आरशात बघायला, शेळ्यांसाठी थांबायला. मी तिला माझ्या कागदावरची दोन भजी दिली. तिने घेतली.

परत आलो तेव्हा इनायतभाई आणि अनवरी बाकड्यावर जेवायला बसले होते. मी सरळ जाऊन रंगाची डबी घेतली. माझी ओळ खोडणार होते. इनायतभाई हातातला घास तसाच ठेवून उठले.

"खोडायचं नाही, ताई. जे केलं होतं ते केलं होतं. खाली नवीन लिहा."

मी लिहिलं: '२५ जानेवारी. दाब पूर्ण केला. आईच्या समोर.' गौतमीने काडीचे आटे परत आवळले. बॅटरी मी धरली होती. इनायतभाई लांबूनच म्हणाले, "चार. पाचवा नको," आणि ती म्हणाली, "चाचा, मोजते आहे मी," आणि अनवरी म्हणाली, "आवळ बेटी, यांच्या नादी लागलीस तर संध्याकाळ होईल."

मग तिला एकटीला एक चक्कर मारून यायचं होतं, नव्या दाबावर, हायवेच्या बाजूने विल्होळीपर्यंत. तिने माझ्याकडे बघितलं. विचारलं नाही, पण थांबली.

"हो," मी म्हटलं. "आम्ही आहोत इथे."

गाडी फाटकातून बाहेर गेली. शिट्टी चढली, वळणावर उतरली, मग ट्रकच्या आवाजात मिसळली. माझा हात फोनकडे गेला. अनवरीने तो मधेच पकडला आणि त्यात ताटली ठेवली. बाजरीची भाकरी, मेथी, कांदा.

"खा. उभ्याने वाट बघितली की वेळ जात नाही."

"भजी खाऊन आलेय हो."

"ती वणीची. ही माझी."

इनायतभाई त्यांच्या स्कूटरचं झाकण उघडून बसले. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मी भाकरी मोडली. एक घास खाल्ला, मग दुसरा. अनवरी तिच्या भावाच्या लग्नाचं काहीतरी सांगत होती, त्यातलं निम्मं मी ऐकलं. भीती गेली नव्हती. ती माझ्या शेजारी बाकड्यावर बसली होती, पण तिचं ताट वेगळं होतं.

अर्धी भाकरी संपली तेव्हा फाटकाशी गाडीचं नाक दिसलं. गौतमी उतरली, माझ्या ताटलीतली उरलेली अर्धी काळ्या हातानेच उचलली आणि तोंड भरलेलं असतानाच विचारलं, "चाचा, मीटर कुठे लावू? स्टिअरिंगच्या डावीकडे की उजवीकडे?"

इनायतभाई स्कूटरमधून मान वर न काढता म्हणाले, "आईला विचार. शेजारून दिसेल असा लाव."